कुलूप लागलेली घरे आणि चुकलेली यादी : खाजन गावातल्या एका सर्वेक्षणाचे प्रकरण

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. एम. ए. समाजशास्त्राच्या चौथ्या सत्रातली विद्यार्थिनी १०० पैकी ४१ मुलाखती संपवून मार्गदर्शकांसमोर बसली आहे. विषय असा : गोव्यातली खाजन शेते, म्हणजे खाडीकाठची बांधाआडची सखल शेते, पड का राहतात आणि पड ठेवण्याचा निर्णय घरात कोण घेते. ४१ जणांचा कौल जवळपास एकमुखी आहे. शेती परवडत नाही, मुले बाहेर आहेत, माणसे मिळत नाहीत. उत्तर देणाऱ्यांपैकी ३१ जण साठीच्या पुढचे. आता तक्ते करायला घ्यावेत असे तिला वाटते. मार्गदर्शक एकच विचारतात : यादीतली किती नावे शोधलीस आणि किती माणसे भेटली? शोधली ६०, भेटली २३. उरलेल्या १८ मुलाखती ‘शेजारच्या घरी’ झालेल्या.

गाव गोव्याच्या तिसवाडी तालुक्यात, कुंभारजुवें खाडीच्या काठचे, असे धरू. गाव, विद्यार्थिनी आणि मुलाखतींचे आकडे नमुन्यादाखल घेतलेले आहेत. चूक मात्र दरवर्षी कोणाकडून ना कोणाकडून होतेच.

हाताशी असलेला वेळ

गोवा विद्यापीठ १ जून १९८५ पासून सुरू झाले. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. ताळगावच्या पठारावरच्या आवारात सामाजिक शास्त्रांचे विभाग आता दा. ध. कोसंबी यांच्या नावाच्या स्कूलमध्ये एकत्र आले आहेत. एम. ए.च्या ८० क्रेडिटांपैकी १६ क्रेडिटे शेवटच्या सत्रातल्या डिझर्टेशनची. एका क्रेडिटला ३० तास धरले तर ४८० तास होतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यातले वाचन, आराखडा, नीतिविषयक मंजुरी आणि लेखन वजा केले की गावासाठी पाच-सहा आठवडे उरतात. एक मुलाखत ३५ मिनिटांची. येणे-जाणे, माणूस घरी नसणे, चहा हे सगळे धरून दिवसाला तीन किंवा चार मुलाखती होतात, त्याहून जास्त नाहीत. कोणी दिवसाला आठ भरून आणल्या, तर त्यातल्या निम्म्या फोनवर किंवा अंदाजाने भरलेल्या समजाव्यात.

सत्राचे वेळापत्रक आणि गावाचे वेळापत्रक जुळत नाही, ही मुळातली अडचण आहे. बोटीवर आणि परदेशात असलेली माणसे नाताळात, मे महिन्यात आणि चवथीला गावी येतात. फील्डवर्क होते फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे ज्यांच्या जाण्याचा अभ्यास करायचा, ती नसतील असे महिने नेमके निवडलेले. विषय तिसऱ्या सत्रातच ठरला असेल तर घरांची यादी डिसेंबरच्या सुटीत करून घ्यावी; तेव्हा अर्धी कुलपे निघालेली असतात.

खाजनात एका घरापुरता निर्णय नसतो

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून सोडवलेली सखल जमीन. बांधाला मानस असते, म्हणजे झडपांचा दरवाजा. भरतीला पाणी आत ढकलले की झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी बाहेर पडताना उघडते. पावसाच्या पाण्याने वरचे खार धुऊन निघते आणि सरद, म्हणजे पावसाळी, हंगामात कोरगूटसारखे खारेपणा सोसणारे भात होते. कापणीनंतर पाणी आत घेतले जाते आणि मानशीवर मासे, कोळंबी धरतात. त्या मासेमारीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते.

पूर्वी बांधाची निगा कोमुनिदादीकडे, म्हणजे गावच्या जमिनीवर सामायिक हक्क असलेल्या गांवकरांच्या संस्थेकडे होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कसणाऱ्या कुळांना हक्क आले, आणि पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ पासून त्यांना मालक मानले गेले. सामायिक बांध सांभाळण्याची जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघटनांकडे दिली. कागदावर व्यवस्था पक्की आहे. व्यवहारात मानशीच्या पावणीचा पैसा मोठा आणि भाताचा पैसा थोडा, त्यामुळे झडप वेळेवर मिटावी यात सगळ्यांचे हित सारखे राहिलेले नाही. खारे पाणी एकदा शेतात बसले की पावसाने ते धुऊन निघायला वेळ लागतो. तोवर शेजाऱ्याचा वाफाही बुडतो, मग तोही हात आखडतो.

म्हणून “तुमचे शेत पड का?” या प्रश्नाला घरात बसून मिळालेले उत्तर अर्धेच असते. “मुलगा दुबईला” हे खरे असेल, पण वरच्या बाजूची दोन शेते आधी बुडाली नसती तर मुलगा दुबईला असूनही भाऊबंदातल्या कोणी ते शेत केले असते. आराखड्यात घर हे एकच एकक ठेवले की ही साखळी दिसत नाही. पहिल्या आराखड्यात तसेच झाले होते.

मतदार यादीने काय केले

नमुना मतदार यादीतून काढला होता. यादी सहज मिळते, नावे क्रमाने असतात, १०० आकडे संगणकाकडून काढता येतात. सगळे नीट वाटते. चार ठिकाणी घात होतो.

पहिले, यादी माणसांची आहे आणि प्रश्न घराचा. सहा मतदारांचे घर निवडले जाण्याची शक्यता एकट्या राहणाऱ्या आजीच्या घराच्या सहापट. मोठी कुटुंबे जास्त येतात आणि मोठ्या कुटुंबांत शेत करणारे हात जास्त. निष्कर्ष तिथेच कलंडतो.

दुसरे, यादीत आहेत पण गावात नाहीत अशी नावे. बोटीवर गेलेली, पोर्तुगालमार्गे पुढे युरोपात स्थिरावलेली, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली, वारलेली. न भेटलेल्या ३७ नावांत बहुतेक हीच.

तिसरे, गावात आहेत पण यादीत नाहीत अशी माणसे. परसातल्या खोल्यांत आणि पत्र्याच्या चाळींत भाड्याने राहणारी कर्नाटक, बिहार, झारखंडकडची कुटुंबे. आज लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत शेतात हात लावतात ती बऱ्याचदा हीच. “माणसे मिळत नाहीत” या वाक्याची दुसरी बाजू त्यांच्याकडे आहे : किती मजुरी मिळते, बांधकामावर किती मिळते, चिखलात उतरायला का नको म्हणतात. मतदार यादीतून निघालेला नमुना त्यांच्या दारी जातच नाही.

चौथे, घर क्रमांक. पंचायतीचा क्रमांक घरपट्टीच्या नोंदीप्रमाणे पडतो, वाटेच्या क्रमाने नव्हे. ११२ च्या शेजारी ४७, त्याच्या मागे ४७ ए. मतदार यादीतला क्रमांक जुना, दारावरचा नवा. क्रमांक घेऊन हिंडणाऱ्याचा अर्धा दिवस यातच जातो.

या चारांवर पाचवी चूक विद्यार्थिनीची स्वतःची : कुलूप दिसले की शेजारच्या दारी जाणे. हातात कागद, ऊन वाढलेले, शेजारची मावशी आपण होऊन “ये गो बाय, बस” म्हणते, तिथे नको म्हणणे कठीण. पण दिवसा दार उघडे असते ते वयस्कांचे. म्हणून ४१ पैकी ३१ साठीपुढचे. पहिली चूक वजन देऊन काही प्रमाणात दुरुस्त करता येते, कारण घरात किती मतदार हे माहीत असते. शेजारच्या घराची निवड होण्याची शक्यता किती होती हे मात्र कोणीच सांगू शकत नाही, त्यामुळे तिथे कोणतेही वजन लावता येत नाही. ‘बदली घर’ ही सोय म्हणून आराखड्यांत लिहिलेली दिसते. ती काढूनच टाकावी.

दुरुस्ती : आधी घरे मोजा

चार दिवस मुलाखती थांबवून घरांची यादी नव्याने करायची. दोघांनी मिळून जावे. एकाने हातनकाशा काढायचा, दुसऱ्याने वहीत नोंद करायची. वाड्याची सुरुवात सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणेपासून करावी, खुरीस (क्रूस), देऊळ, पोदेराचे (पाववाल्याचे) दुकान, काहीही चालेल. मग घरे कायम डाव्या हाताला ठेवून चालत राहायचे. आडवाट आली की आत जाऊन, संपवून, पुन्हा त्याच तोंडाशी यायचे. दिवसाला ६० ते ७० इमारती होतात.

प्रत्येक इमारतीला स्वतःचा नवा क्रमांक द्यायचा आणि पंचायतीचा क्रमांक बाजूला नुसता टिपून ठेवायचा. मग एक खूण : वस्ती आहे, आज कुलूप आहे पण वस्ती आहे, वर्षभर बंद, सणापुरते उघडते, पर्यटकांना भाड्याने, दुकान किंवा गोदाम. कोणते कुलूप कसले हे शेजारी सांगतात. विजेच्या मीटरवरची कोळिष्टके आणि अंगणातले गवतही सांगते. २०११ च्या जनगणनेत गोव्यातली पाचातले एक या प्रमाणात घरे रिकामी आढळली होती, त्यामुळे वहीत बंद घरांची रांग लागली तर दचकू नये.

इमारत म्हणजे कुटुंब नव्हे. कसोटी जनगणनेचीच घ्यावी : एका चुलीवर जेवणारी माणसे ते एक कुटुंब. जुन्या मोठ्या घरात तीन भाऊ, तीन चुली, तर तीन नोंदी. परसातल्या चार खोल्यांत चार स्वयंपाक, तर चार नोंदी, भाडेकरू असले तरी. तरुण मजूर आठजण एका खोलीत एकत्र शिजवून खातात तर एक नोंद. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला नाही तर तिसऱ्या दिवशी दोघेजण दोन पद्धतींनी मोजत असतात.

समजा अशी २४० कुटुंबे निघाली. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ८ टक्क्यांची चूकमर्यादा धरली तर मोठ्या लोकसंख्येसाठी लागणारा नमुना १५० येतो. २४० च्या गावासाठी तो घटतो : १५० भागिले (१ + १४९/२४०), म्हणजे ९३. काही घरे नकार देतील, काही तीन फेऱ्यांतही भेटणार नाहीत. त्यासाठी १५ टक्के धरून ९३ ला ०.८५ ने भागले की ११०. हे ११० सुरुवातीलाच निवडायचे, नंतर एकही वाढवायचे नाही. अंतर २४०/११०, म्हणजे २.१८. शून्य ते २.१८ मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा, समजा १.४०; मग ३.५८, ५.७६, ७.९४ असे पुढे जात, दर वेळी वरच्या पूर्णांकाचे घर घ्यायचे : २, ४, ६, ८. मध्येच एक घर जास्त सुटते, ते बरोबरच आहे. ‘दर दुसरे घर’ असा ढोबळ नियम केला तर यादी शेवटच्या वाड्यापर्यंत पोचत नाही, आणि बहुधा तो वाडा बांधाच्या जवळचा असतो.

प्रत्येक घरी तीन फेऱ्या, तीन वेगळ्या वेळी : एक सकाळी, एक संध्याकाळी, एक रविवारी. दुपारी एक ते चार कोणाच्याही दारी जाऊ नये. जेवण आणि झोप यांत कोणी आलेले गोव्यात आवडत नाही. संध्याकाळी चर्चमधली आंजेलची घंटा किंवा दिवेलागण होऊन गेल्यावर माणूस निवांत सापडतो. शिगम्याच्या दिवसांत आणि पवित्र आठवड्यात फेऱ्या मोजूच नयेत.

जुन्या ४१ मुलाखतींचे काय? त्या नव्या नमुन्यात मिसळायचा मोह होतो. मिसळू नयेत. त्या पूर्वचाचणी म्हणून लिहाव्यात आणि प्रश्न सुधारायला वापराव्यात. त्यांतले एखादे घर नव्या निवडीत पुन्हा आले तर फक्त बदललेले प्रश्न विचारायला जावे. पाच आठवड्यांतला दीड आठवडा वाया गेला हे खरे आहे, आणि डिझर्टेशनच्या पद्धतिविषयक प्रकरणात ते तसेच लिहावे. परीक्षकाला लपवलेल्या चुकीपेक्षा लिहिलेली चूक पचते.

बंद घरांसाठी निराळी सोय : देखरेख करणाऱ्यामार्फत निरोप पाठवून दहा-बारा कुटुंबांशी व्हॉट्सअॅपवर बोलणे. ही उत्तरे टक्केवारीत धरायची नाहीत. आणि साखळी दिसावी म्हणून शेतांचा छोटा नमुना : खाजनातले सर्व्हे क्रमांक घेऊन त्यांतली ३० शेते चिठ्ठीने काढायची, एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचे, उतारे ऑनलाइन पाहायचे, मग बांधावरून फिरताना त्या शेताची स्थिती टिपायची. करणारा शेजारच्या गावचा निघाला तर त्याच्याकडे जायचे.

प्रश्न कोणत्या भाषेत, कोणत्या शब्दांत

गोव्यातल्या हिंदू घरांत लिहिणे-वाचणे बऱ्याच अंशी मराठीत आणि बोलणे कोंकणीत. ख्रिस्ती घरांत कोंकणी बोलतात आणि वाचतात ती रोमीत, म्हणजे रोमन लिपीत. भाडेकरू खोल्यांत हिंदी, कन्नड. पहिल्या फेरीत प्रश्नावली फक्त मराठीत होती आणि विद्यार्थिनी दारात उभ्या उभ्या तिचे कोंकणी करत होती. दर घरी शब्द वेगळे, मग तुलना कसली करायची? सुधारित कामात तीन गोष्टी ठेवल्या : प्रश्न देवनागरी कोंकणीत अक्षरशः लिहून, संमतिपत्र मराठी आणि रोमी कोंकणीत, आणि हिंदीची एक प्रत. कोंकणी प्रत दुसऱ्या माणसाकडून उलट मराठीत करून घेतली की घसरलेले प्रश्न लगेच दिसतात.

“तुमी शेत करतात?” यात ‘करणे’ म्हणजे स्वतः चिखलात उतरणे असे ऐकले जाते. ट्रॅक्टरवाल्याला पैसे देऊन शेत करून घेणारी बाई “ना” म्हणते. म्हणून होय-नाही विचारूच नये. शेवटची लावणी किंवा पेरणी कोणत्या वर्षी झाली, त्या वर्षी नांगरट कोणी केली, पुढच्या पावसाळ्यात काय झाले, असे वर्ष धरून विचारावे. वर्ष आठवत नसेल तर घरातली खूण धरावी : धाकट्याचे लग्न, घराचा माळा, बोटीवरचा पहिला करार. खारे पाणी कधी शिरले हे कळले की ‘मुले बाहेर’ हे कारण आधीचे की नंतरचे ते उलगडते. पहिल्या फेरीतली ४१ कारणे इथे ठिसूळ ठरतात; पाणी आधी शिरले आणि मुलगा पुढच्या वर्षी गेला, असा क्रम बऱ्याच घरांत निघू शकतो.

‘कूळ’, ‘मुंडकार’ (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), ‘भाटकार’ (जमीनमालक) हे शब्द रोजच्या बोलण्यातले असले तरी कायद्याचेही आहेत. १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली किंवा कूळ कायद्याखाली कोणाचा ना कोणाचा दावा मामलेदारापुढे असतो. प्रश्नावली घेऊन आलेली मुलगी ‘सरकारी’ आहे असा संशय आला की उत्तरे वकिली होतात. जमीन कोणाच्या नावावर हा प्रश्न अगदी शेवटी ठेवावा, आणि तोही “उताऱ्यावर नाव कोणाचे” असा नव्हे तर “घरात शेताबद्दल कोणाला विचारावे लागते” असा. नाहीतरी उताऱ्यावर आजोबांचेच नाव असते. गोव्याच्या वारसा कायद्यात नवरा-बायकोची सामायिक मालकी आणि सगळ्या मुलांचा वाटा असतो, आणि वाटणीचा इन्व्हेंटरीचा दावा कित्येक घरांत सुरूच झालेला नसतो. सात वाटेकरी, चार परदेशात. शेत कसायला कोणाची ना नसते, पण खर्च घालायला पुढे कोण येणार?

मुलाखत सुरू होण्याआधी एक मुलाखत उलट दिशेने होते : “बाय, तूं खंयचें?” गाव, आडनाव, मग कोणाची कोण. या उत्तरावर पुढचे बरेच ठरते. गांवकरांच्या आडनावाच्या मुलीला गावडे-कुणबी वाड्यावर जे सांगितले जात नाही, ते दुसरीला सांगितले जाते. उपाय सोपा : दोघी असतील तर वाडे अदलून बदलून घ्यावेत आणि कोणती मुलाखत कोणी घेतली हा रकाना तक्त्यात ठेवावा.

पंचायतीला पत्र द्यावे, पोच घ्यावी, पण पंचाला बरोबर घेऊन फिरू नये. कुळांच्या संघटनेच्या अध्यक्षांना मुलाखतीसाठी भेटावे, घरे दाखवायला नव्हे. ते दाखवतात ती घरे त्यांच्या बाजूची असतात. फोनवर भरता येणारी प्रश्नावली कोबोटूलबॉक्सवर नेटवर्क नसतानाही चालते, खाजनाकडच्या उतारावर ते उपयोगी पडते. तरी कागदाची वही जवळ असावी.

आकडे किती ताणायचे

९३ घरांपैकी ४० टक्के घरांनी एखादी गोष्ट सांगितली, तर त्यामागे साधारण ८ टक्क्यांची चूकमर्यादा आहे, म्हणजे खरे प्रमाण ३२ ते ४८ मध्ये कुठेही. तेच ३० घरांच्या एका गटावर सांगायचे झाले तर मर्यादा १८ टक्क्यांपर्यंत जाते. विद्यार्थी मात्र ९३ घरांचे धर्म, जात, जमिनीचा आकार, स्थलांतर असे तुकडे करतात आणि प्रत्येक चौकटीत चार-पाच घरे उरली तरी काय-वर्ग चाचणी, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी, लावतात. अपेक्षित संख्या पाचाखाली गेली की ती चाचणी विश्वासाची राहत नाही. इथे दोन गटांपुरती तुलना पुरे : खारे पाणी शिरलेला भाग आणि न शिरलेला भाग. बाकीचे मुलाखतींच्या मजकुरातून बोलू द्यावे, ते जास्त बोलते.

सादर करताना मजकूर साम्यतपासणीतून जातो. २०१८ च्या यूजीसी नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत गेले तर दुरुस्त करून पुन्हा द्यावे लागते. खाजनाची व्याख्या आणि कूळ कायद्याचा इतिहास ही दोन पाने प्रत्येक जण तिथूनच उचलतो, साम्य तिथेच सापडते.

गावाला परत द्यायची प्रत चार पानांची पुरते, कोंकणीत आणि मराठीत, मानशी दाखवणाऱ्या नकाशासह. तीतून सर्व्हे क्रमांक काढावेत. २४० चुलींच्या गावात ‘पावणी घेणारा एक इसम’ असे लिहिले तरी तो कोण हे सगळ्यांना कळते, म्हणून ती वाक्ये त्याला आधी वाचून दाखवावीत आणि त्याने नको म्हटले तर गाळावीत. घरयादीची वही मात्र परिशिष्टात जोडायची नाही, पंचायतीलाही द्यायची नाही. कोणते घर वर्षभर बंद आणि कोणते सणापुरते उघडते याची पत्त्यावार यादी चोराला आणि जमीन शोधत फिरणाऱ्या दलालाला सारखीच हवी असते. नकाशावरचे क्रमांक फाइलमध्ये सांकेतिक करून ठेवावेत, आणि तोंडी परीक्षा झाल्यावर मार्गदर्शकांसमोर ती पाने फाडून टाकावीत.